मुकादमाचा शब्द आणि एआयचं वेळापत्रक: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचे प्रश्न बांधकामाच्या साइटवर एआय वापरण्याबद्दलचे आहेत. बहुतेक पत्रं पाच ते पंधरा मजल्यांच्या निवासी इमारतींवर काम करणाऱ्यांची आहेत, म्हणून उत्तरंही त्याच मापाची दिली आहेत.

प्रश्न: पार्किंग अधिक सात मजल्यांचं काम आहे. मालकांनी एआयवर चालणारं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर घेतलं. रोजचा अहवाल आम्ही व्हॉट्सॲपवर टाकतो, तो त्यात भरला जातो. दोन महिने झाले, सॉफ्टवेअर दर आठवड्याला ताब्याची वेगळीच तारीख दाखवतं. कधी तीन आठवडे पुढे, कधी दोन मागे. बिघाड कुठे आहे?
— साइट इंजिनिअर, वाकड

तुम्ही पत्राला जोडलेले अहवाल पाहिले. एका दिवशी लिहिलंय ‘तिसरा स्लॅब 70 टक्के’. चार दिवसांनी 75. आणखी सहा दिवसांनी 80. आता हे 70 कशाचे? सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) पूर्ण, स्टील अर्धं आणि इलेक्ट्रिकचे पाइप शून्य, असं असलं तरी एक जण 70 म्हणेल. दुसरा फक्त सेंटरिंग बघून 70 म्हणेल. सॉफ्टवेअर या आकड्यांवरून वेग काढतं आणि तो वेग पुढच्या चार मजल्यांना लावतं. तारीख हेलकावे खाणारच.

टक्के लिहिणं आजपासून बंद करा आणि मोजता येईल तेच लिहा. रोजच्या नोंदीला आठ रकाने पुरतात: तारीख, मजला आणि ग्रिड (कॉलमच्या ओळींचे क्रमांक), काम, परिमाण, कामगार किती आणि कोणत्या कामाचे, तास, अडथळा, फोटो. परिमाण म्हणजे सेंटरिंग चौरस मीटरमध्ये, स्टील किलोमध्ये, काँक्रीट घनमीटरमध्ये, वीटकाम घनमीटर किंवा चौरस मीटरमध्ये, पण कामाच्या सुरुवातीला जे ठरेल तेच शेवटपर्यंत. ‘चौथा मजला, ग्रिड बी-2 ते बी-5, बीमचं स्टील 640 किलो, फिटर 5, बिगारी 2, 8 तास’ अशी नोंद असेल तर सॉफ्टवेअरला खरा वेग सापडतो. फोटोत ग्रिडचा क्रमांक खडूने लिहिलेला दिसलाच पाहिजे. तो नसेल तर महिन्याभराने सगळे कॉलम सारखेच दिसतात, तुम्हालाही आणि यंत्रालाही.

अडथळ्याच्या रकान्यात निबंध नको. सात कोड ठरवा: आधीचं काम अपुरं, साहित्य नाही, माणसं कमी, ड्रॉइंग किंवा निर्णय नाही, यंत्र-वीज-पाणी, हवामान, अंदाज चुकला. शेवटचा कोड मुद्दाम ठेवायचा. तो नसला की चुकलेला अंदाज ‘माणसं कमी’ या नावाखाली लपतो.

दुसरी गोष्ट कामांच्या साखळीची. तुमच्या एक्सेलमध्ये स्लॅब ही एकच ओळ आहे, 14 दिवसांची. तिच्यात आहेत कॉलमची मार्किंग आणि स्टार्टर, कॉलमचं स्टील, कॉलम भरणं, बीमचे बॉटम, स्लॅबची सेंटरिंग, बीमचं स्टील, स्लॅबची खालची जाळी, इलेक्ट्रिकचे पाइप, वरची जाळी, आरसीसी कन्सल्टंटचं (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याचं) चेकिंग आणि मग भरणं. खालच्या जाळीनंतर इलेक्ट्रिशियन आला नाही, तर वरच्या जाळीचे फिटर मोकळे बसतात. एकाच ओळीच्या वेळापत्रकात हे दिसत नाही, आणि जे लिहिलेलंच नाही ते एआयला कुठून कळणार? स्लॅबच्या किमान दहा ओळी करा आणि कोणती कशावर अवलंबून आहे ते जोडा. एका मजल्याला लागतील दोन तास. पुढचे मजले कॉपी करता येतात.

तिसरी गोष्ट या सगळ्यांहून महत्त्वाची. अमेरिकेत 1990 च्या दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत मांडली. तिचा गाभा असा की, आठवड्याची योजना प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या माणसाने, म्हणजे आपल्याकडे मुकादमाने, शब्द देऊन ठरवायची. आठवड्याच्या शेवटी दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले गेले ते मोजायचं. इंग्रजीत त्याचं लघुरूप पीपीसी होतं. साइटवर पीपीसी म्हणजे पोझोलाना सिमेंट, म्हणून आम्ही याला वचनपूर्तीचा टक्का म्हणतो. समजा, सोमवारी 24 कामांचा शब्द दिला गेला आणि शनिवारी 13 पूर्ण झाली. टक्का 54. नव्वद टक्के झालेलं काम इथे शून्य धरायचं, कारण त्या उरलेल्या दहा टक्क्यांपायी पुढची टोळी आत शिरू शकत नाही.

मग न झालेल्या 11 कामांचे कोड बघा. पाच ठिकाणी ‘आधीचं काम अपुरं’, तीन ठिकाणी ‘निर्णय नाही’, दोन ठिकाणी ‘साहित्य नाही’ आणि एका ठिकाणी ‘माणसं कमी’ असेल, तर आणखी वीस कामगार आणून काही हलणार नाही. टाइल निवडायला कुणीतरी आर्किटेक्टला फोन करायला हवा.

आता धोका. हा टक्का मुकादमाचं बिल कापायला एकदा वापरा आणि गंमत बघा, पुढच्या आठवड्यात टक्का 95 होतो. काम वाढलेलं नसतं, शब्द लहान झालेले असतात. ‘बी-2 ते बी-5’ ऐवजी ‘बी-2 ते बी-3’. सॉफ्टवेअरला वाटतं साइट सुरळीत आहे. म्हणून टक्का दंडाला किंवा बक्षिसाला जोडायचा नाही, हे मालकांकडून आधी कबूल करून घ्या, आणि मुकादमांसमोर करून घ्या.

असे सहा ते आठ आठवडे नोंदी झाल्या की सॉफ्टवेअरच्या तारखेकडे बघा. तोवर ती मालकांना पाठवू नका. मधल्या काळात एआयचा एक उपयोग लगेच करता येतो: मुकादमाचा हिंदी किंवा मराठी व्हॉइस मेसेज ऐकून त्याच्या नोंदी पाडणं. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ सेवा 2022 पासून भारतीय भाषांतलं बोलणं लिहून देण्यावर आणि भाषांतरावर काम करते, खासगी ॲपही आहेत. अडतं ते अंकांवर. ‘अडीचशे’, ‘पावणेदोन’, ‘साडेतीन’ हे यंत्र हमखास चुकवतं. म्हणून नोंद तयार झाल्यावर मुकादमाला ती वाचून दाखवायची, ‘मिस्त्री, साडेतीनशे किलो बरोबर ना?’ असं विचारायचं आणि मगच साठवायची. दहा सेकंदांचं काम आहे. यात दोन गोष्टी होतात. आकडा बरोबर जातो, आणि आपल्या नावावर काय लिहिलं गेलं हे त्या माणसाला कळतं.

प्रश्न: हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट ओळखणारे एआय कॅमेरे बसवले. दिवसाला शे-दोनशे अलार्म येतात, सुपरवायझरने बघणंच सोडलं. वर दोन गवंडी टोळ्या ‘आमच्यावर पाळत ठेवता’ म्हणून निघून गेल्या. कॅमेरे काढून टाकावेत का?
— प्रोजेक्ट मॅनेजर, ठाणे

काढू नका, पण ज्या तऱ्हेने लावलेत ती बदला.

आधी अलार्मचा हिशेब. समजा, कॅमेऱ्यासमोरून दिवसाला 3000 वेळा माणूस जातो आणि त्यात 60 वेळा खरंच डोक्यावर हेल्मेट नसतं. यंत्र त्यातली 90 टक्के पकडतं, म्हणजे 54. उरलेल्या 2940 वेळांत ते फक्त 5 टक्के चुकतं, म्हणजे 147 खोटे अलार्म. एकूण 201 पैकी 147 खोटे. यंत्र वाईट नाही, गणितच तसं आहे. पिवळा गमछा, डोक्यावरचं घमेलं, दुपारचा समोरून येणारा उजेड आणि वाळू चाळतानाची धूळ ही खोट्या अलार्मची नेहमीची कारणं. उपाय असा की पूर्ण साइटवर नजर ठेवण्याऐवजी तीन-चार जागा निवडा: होइस्टचं (माणसं-माल वर नेणाऱ्या लिफ्टचं) दार, स्लॅबची कड, टॉवर क्रेनखालची जागा, खोदाईचा काठ. कॅमेरा उजेडाकडे पाठ करून लावा. सलग पाच-सहा सेकंद हेल्मेट दिसलं नाही तरच अलार्म द्यायचा, अशी सेटिंग करून घ्या.

बेल्टचं प्रकरण जास्त गंभीर आहे. कॅमेऱ्याला अंगावरचे पट्टे दिसतात. हुक कुठे अडकवलाय हे बहुधा दिसत नाही. अडकवलेला असला तरी तेवढ्याने माणूस वाचतोच असं नाही. साधारण दोरी 1.8 मीटर, शॉक ॲब्झॉर्बर उघडला की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर राखीव. बेरीज सुमारे 6 मीटर. म्हणजे हुकाच्या जागेखाली 6 मीटर मोकळी जागा हवी. तुमच्या मजल्याची उंची 3 मीटर. पायाशी हुक अडकवून एका मजल्यावरून पडलेला माणूस दोरी ताणली जाण्याआधीच खालच्या स्लॅबवर आदळेल, आणि कॅमेऱ्याच्या नोंदीत मात्र तो ‘सुरक्षित’ असेल. इथे हुक डोक्याच्या वर हवा, दोरी आखूड किंवा आपोआप गुंडाळली जाणारी हवी, आणि सगळ्यात आधी कडेला कठडा हवा. हे आधी करा, कॅमेरा नंतर.

आता टोळ्या का गेल्या. त्यांना कुणी सांगितलंच नाही की चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतं आणि त्यावरून पैसे कापले जातात का. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, अशी तरतूद आहे. तुमच्याकडचे कामगार मराठी, हिंदी, बंगाली, उडिया, तेलुगू बोलणारे असतील, तर या पाचही भाषा त्या अनुसूचीत आहेत. फलक लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगला (कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीला) स्क्रीन फिरवून त्यांना चित्रण दाखवा. चेहरे धूसर ठेवा. अलार्मवर दंड नाही असं लिहून द्या. अलार्म आला की सुपरवायझरने जाऊन पहिला प्रश्न ‘हेल्मेट का काढलं?’ हा विचारायचा आणि उत्तर लिहायचं. ‘आतली पट्टी तुटली’, ‘घामाने सरकतं’, ‘बीमखाली वाकताना अडतं’ अशी उत्तरं येतील. आठवड्यात चाळीस पट्ट्या बदलून अलार्म किती उतरतात ते बघा.

आणि त्याच यंत्रणेतून कामगाराला काहीतरी परत द्या. महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि गेल्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठिकठिकाणी हिंडणाऱ्या माणसाकडे नेमका तोच नसतो. गवंड्यांच्या बोटांचे ठसे सिमेंटने झिजलेले असतात, त्यामुळे अंगठ्याच्या मशीनवर हजेरी लागत नाही आणि दिवस बुडतात. चेहऱ्यावरून हजेरी घेत असाल, तर महिन्याच्या शेवटी प्रत्येकाला त्याचे दिवस छापून द्या, आणि 90 भरले की दाखला मागायची वाट न बघता हातात ठेवा. ज्या कॅमेऱ्याने आपला दिवस मोजला जातो, त्याच्याकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

प्रश्न: पाच मीटर स्पॅनच्या (आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेके कधी काढायचे, हे चॅटबॉटला विचारलं. त्याने कोडचा हवाला देऊन 7 दिवस सांगितलं. सेंटरिंगवाल्याला साच्याच्या प्लेट लवकर हव्यात. काढावेत का?
— बांधकाम ठेकेदार, नाशिक

नाही. आयएस 456:2000 मध्ये स्लॅबच्या टेक्यांसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनला 7 दिवस आहेत आणि त्याहून जास्त स्पॅनला 14. तुमचा स्पॅन पाच मीटर, म्हणजे 14. चॅटबॉटने वरची ओळ उचलली. बीमच्या टेक्यांना सहा मीटरपर्यंत 14 आणि पुढे 21 दिवस. स्लॅबच्या प्लेट 3 दिवसांनी काढता येतात, पण टेके लगेच परत लावायचे या अटीवर. सेंटरिंगवाल्याची गरज तिथूनच भागते.

या दिवसांच्याही अटी आहेत: साधं ओपीसी सिमेंट, हवा 15 अंशांखाली न जाणारी, पाणी नीट मारलेलं. गोणीवर पीपीसी लिहिलंय का बघा, बहुधा असेल. ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, म्हणून दिवस वाढवावे लागतात. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान 15 अंशांच्या बरंच खाली जातं, तेव्हा हा तक्ता जसाच्या तसा लागूच होत नाही. कोडचं मूळ तत्त्व असं आहे की, टेके काढताना काँक्रीटवर जो ताण येईल त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली असावी. ती किती आली हे क्यूब (काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) फोडून कळतं, आणि आरसीसी कन्सल्टंटची लेखी परवानगी घ्यायची.

इथे यंत्राची खरी मदत होते ती तापमानाच्या सेन्सरची. स्लॅबमध्ये सळईला सेन्सर बांधतात आणि तापमान गुणिले तास अशी परिपक्वता मोजतात, अमेरिकन मानक एएसटीएम सी 1074 प्रमाणे. ढोबळ हिशेब पाहा. काँक्रीट सरासरी 30 अंशांवर 72 तास राहिलं तर 2160 अंश-तास होतात. तेच 18 अंशांवर राहिलं तर 72 तासांत 1296. म्हणजे 2160 गाठायला 120 तास, तीनाऐवजी पाच दिवस. मात्र आधी त्याच मिक्सचे नमुने 1, 3, 7, 14 आणि 28 दिवसांना फोडून आलेख तयार करावा लागतो. सिमेंटचा ब्रँड किंवा फ्लाय ॲशचं प्रमाण बदललं की तो आलेख बाद. सेन्सर विकणारे हे सांगत नाहीत.

तुम्ही पुढे विचारलंय की बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) चॅटबॉटकडून करून घ्यावं का. घ्या, पण पहिली रिंग हाताने तपासा. 230 बाय 450 मिमीचा बीम, कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) 25, रिंग (मुख्य सळयांभोवतीची कडी) 8 मिमीची. कव्हर दोन्ही बाजूंनी वजा केलं की रिंग 180 बाय 400. परिघ 1160, दोन हुकांचे 160 मिळवा, वाकांचे 96 वजा करा: 1224 मिमी. चॅटबॉटची हमखास होणारी चूक म्हणजे कव्हर एकाच बाजूने वजा करणं. मग 1324 येतं. 100 मिमीचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण ती रिंग बीममध्ये बसवली की दोन्ही बाजूंना मिळून 25 मिमी उरतात, म्हणजे प्रत्येकी साडेबारा. फिटर ती कशीबशी कोंबतो, कव्हर ब्लॉक बसत नाही, आणि काही वर्षांनी बीमला गंजाच्या रेषा दिसतात. वजनाला व्यास वर्ग भागिले 162 हे सूत्र आहेच: 8 मिमीला मीटरमागे 0.395 किलो.

प्रश्न: मी 24 वर्षांची आहे, पहिलीच साइट. मुकादम माझ्या वडिलांच्या वयाचे. मी काम सांगितलं की ‘हो मॅडम’ म्हणतात आणि करत नाहीत. आता कंपनीने कामं ॲपवरून वाटायला सुरुवात केली, तर ते ॲप उघडतच नाहीत. माझं चुकतंय का?
— ज्युनियर इंजिनिअर, छत्रपती संभाजीनगर

तुमचं एवढंच चुकतंय की तुम्ही ‘हो’ ला होकार समजता. साइटवरचं ‘हो मॅडम’ म्हणजे पुष्कळदा ‘ऐकलं’ एवढंच असतं. नाही म्हणायची सोय नसेल तर माणूस हो म्हणतो आणि न करून नाही म्हणतो.

ॲपवर काम पाठवण्याआधी रोज सकाळी सव्वाआठला, जिथे काम आहे त्याच ठिकाणी, दहा मिनिटं उभ्याने बोला. ऑफिसच्या कंटेनरमध्ये नको. बीमजवळ उभं राहून असं विचारून बघा:

‘काका, हे चार बीम गुरुवारपर्यंत होतील का?’
‘हो, होतील मॅडम.’
‘आड काय येईल?’
‘...16 ची सळई कमी आहे. आणि त्या कोपऱ्यात अजून प्लेट लागल्या नाहीत.’
‘मग गुरुवारी किती पक्के?’
‘दोन.’

‘आड काय येईल?’ या एका प्रश्नाने चाराचे दोन झाले, आणि ते दोन खरे आहेत. ॲपमध्ये दोनच लिहा. मग तुमचा भाग: 16 ची सळई त्याच दिवशी मागवा आणि प्लेटचं सेंटरिंगवाल्याशी बोला. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगा, ‘काका, सळई दुपारी येतेय.’ असं लागोपाठ तीन-चार वेळा झालं की ते तुम्हाला अडचण आधीच सांगायला लागतात. वयाचा मुद्दा मग मागे पडतो.

अडचण सांगणाऱ्याला सर्वांसमोर बोल लावू नका. मोजमाप चुकलं असेल तर बाजूला घेऊन टेप लावून दाखवा. तुमचं चुकलं तर तुम्ही सर्वांसमोर सांगा. त्यांच्या कौशल्याचा उपयोगही करून घ्या. बीम-कॉलमच्या जोडात सळयांची इतकी गर्दी असते की व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. ड्रॉइंगमध्ये आणि थ्रीडी मॉडेलमध्ये सगळं नीट बसलेलं दिसतं. ‘इथे सुई जाईल का?’ हे फिटरला विचारा आणि स्लॅब भरायच्या चार दिवस आधी विचारा, म्हणजे कन्सल्टंटकडून सळयांची मांडणी बदलून घ्यायला वेळ राहतो.

ॲप ते उघडत नाहीत, कारण त्यात त्यांच्या कामाचं काही नाही. वाचता येण्याची अडचण असेल तर तीही ते तुम्हाला सांगणार नाहीत, तेव्हा तसं विचारूही नका. यादी बोलून दाखवणारं ॲप असेल तर ते लावा. नाहीतर तुमचं दहा मिनिटांचं बोलणं हीच यादी, आणि ॲप तुमच्या नोंदीसाठी.

प्रश्न: दरवर्षी दिवाळीनंतर साइट महिनाभर रिकामी होते. एआय याचा अंदाज देऊ शकतं का?
— बिल्डर, कल्याण

मागच्या दोन-तीन वर्षांची हजेरी दिलीत तर देईल, पण त्याआधी माणसांनाच विचारा. बिहार, झारखंड आणि पूर्व उत्तर प्रदेशातले कामगार छठसाठी जातात. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. गेलेला माणूस लग्नं आणि रब्बीची पेरणी उरकून येतो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे दिवाळीच्या दोन महिने आधीच प्रत्येक टोळीत कोण कधी जाणार हे ठरायला लागतं. तेव्हा मुकादमाबरोबर बसा, जाण्या-येण्याच्या दोन्ही तारखा लिहा आणि परतीच्या तिकिटाचे पैसे कंपनीने द्या. कुणाचीही खर्ची (उचल) किंवा बिल ‘परत आल्यावर देऊ’ म्हणून अडकवू नका. अडकवलेल्या पैशासाठी माणूस परत येतो हा समज चुकीचा आहे, तो दुसऱ्या साइटवर जातो आणि गावातल्या दहा जणांना सांगतो.

त्या महिन्यात स्लॅब न ठेवता कमी माणसांत होणारी कामं ठेवा: प्लंबिंगच्या चाचण्या, वॉटरप्रूफिंगचं पाणी साठवून बघणं, ड्रॉइंगचे अडलेले निर्णय. हवामानाच्या अंदाजाचंही असंच. मुंबईत मोसमी पाऊस सरासरी 11 जूनला येतो. तळघराची वॉटरप्रूफिंग मेअखेर संपलेली हवी हे सांगायला एआय लागत नाही.

प्रश्न: रेडीमिक्सच्या गाड्यांच्या वेळा सांगणारं ॲप आहे, तरी मागच्या स्लॅबला कोल्ड जॉइंट (आधीचं काँक्रीट घट्ट झाल्यावर पुढचं पडल्याने राहणारा सांधा) आला. का?
— सुपरवायझर, पिंपरी

ॲप गाडी गेटवर कधी येईल ते सांगतं. गेटपासून पंपापर्यंत किती वेळ उभी राहते, ते सांगत नाही. आयएस 4926 प्रमाणे ट्रान्झिट मिक्सर भरल्यापासून 2 तासांत रिकामा व्हायला हवा. चलनावरची भरल्याची वेळ बघा, निघाल्याची नव्हे. 60 घनमीटरच्या स्लॅबला 6 घनमीटरच्या दहा गाड्या लागतात. पंप तासाला 20 घनमीटर टाकत असला तर दर 18 मिनिटांनी एक गाडी. मध्येच अवजड वाहनांच्या बंदीची वेळ आली की साखळी तुटते. म्हणून भरायला सुरुवात करण्याआधी बंदीच्या वेळा आणि ॲपमधल्या फेऱ्या शेजारी ठेवून बघा, आणि भरण्याची दिशा अशी ठरवा की उघडी कड कमीत कमी लांबीची राहील.

उशीर झालेल्या गाडीत ड्रायव्हर पाणी घालतो, कारण काँक्रीट परत नेलं तर बोलणी त्यालाच बसतात. स्लंप (काँक्रीटचा सैलपणा) कमी आला तर पाणी न घालता प्लांटच्या माणसाने ॲडमिक्श्चर (काँक्रीट सैल करणारं रसायन) घालायचं, हे आधीच ठरवा आणि ड्रायव्हरला सांगा की गाडी परत गेली तर त्याच्यावर काही येणार नाही. क्यूबही मोजून घ्या: 60 घनमीटरला आयएस 456 प्रमाणे पाच नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, एकूण पंधरा.

प्रश्न: खोदाईचं मोजमाप ड्रोनने केलं. ठेकेदाराच्या डंपरच्या हिशेबापेक्षा ते बरंच कमी भरलं. कोण खरं?
— वाचक, सातारा

दोघंही खरे असू शकतात. ड्रोन खड्डा मोजतो, डंपर सैल माल मोजतो. खणलेला मुरूम साधारण पाव पट फुगतो, खडक त्याहून बराच जास्त. करारात मोजमाप खड्ड्यात की गाडीत हे लिहिलेलं असायला हवं, आणि खोदाईच्या आधीचं ड्रोन-सर्वेक्षण ठेकेदारासमोर व्हायला हवं. गवत-झुडपं काढल्याशिवाय ते करू नका, नाहीतर झुडपांची उंचीही मातीत धरली जाते. जमिनीवर ठळक खुणा करून त्यांच्या पातळ्या ऑटो लेव्हलने घ्या, किमान पाच: चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो. 2 किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन धंद्याच्या कामासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. उड्डाणाआधी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात आहे तेही बघून घ्या.